मुरल्यावर कळव

त्या कडक लाल बिअरचं विचारताय ना, ती मला आमच्या वडिलांनी, दादांनी समजावली. दादा माळकरी. श्रीरामपूरकडं गुऱ्हाळात गूळ शिजवण्यात जन्म गेलेला. मी सुप्याला बिअर करतो म्हणून दोन वर्षं अबोला होता.

एकदा आपणहून आले. टाकीत मोड आलेल्या जवाचं गोड पाणी उकळत होतं. "यात अजून नशा नाही, दादा," म्हटलं. त्यांनी थेंब बोटांत चोळून जिभेला लावला.

"काकवीच हाय की. जाळ मुद्दाम वाढवला का?"

"हो. त्यानं लाली चढते, चव दाट होते."

"आन् गोडी जास्त म्हून नशाबी जास्त. लई मुरावं लागंल हिला."

"सहा महिने."

"मुरल्यावर कशी झाली ती कळव."

चौथ्या महिन्यात दादा गेले. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. काकांनी माझ्या बहिणीच्या लग्नाचा शब्द दिला, भावानं आईला सांभाळायचा. कावळा फांदीवरच.

"कशात जीव अडकलाय, कुनाला ठाव आसंल तर बोला," काका म्हणाले.

मला ठाऊक होतं. पण माळकऱ्याचा जीव बिअरमध्ये अडकलाय, हे भावकीत कसं बोलायचं?

शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे आंघोळीला उठले.