थोरल्या मावशीचा

नाही हो, तो पायजमा विकायचा नाही, तो मास्तरचा—माझा मावसभाऊ. हल्ली नाडी सुटत नाही त्याला, गाठ मारून बसतो, म्हणून इलॅस्टिक घातलंय... हात जरा वर. हां. गणित शिकवायचा शाळेत, पोरं चळाचळा कापायची—आता वृद्धाश्रमात असतो. पुतण्याने ठेवलं. वाईट नाही तो, उगीच कशाला बोला—पण मला विचारलं का? कशाला विचारेल? मावसभावाला कोण विचारतो! दर सोमवारी दुकान बंद ठेवून दिवसभर त्याच्याजवळ बसतो मी. बसायचो. या सोमवारी त्याला आतल्या वॉर्डात हलवतायत, फार विसरणाऱ्यांच्या. तिथे नवरा-बायको नाहीतर मुलं, बाकी कुणाला सोडत नाहीत. छत्तीस वर्षं एका खोलीत काढली आणि मी बाकी!—पोट आत ओढू नका, मग बसल्यावर बटण तुटेल आणि शिव्या मला घालाल.

एका खोलीत म्हणजे... आता बोललोच आहे तर ऐका. मास्तरला खोटं बोलता यायचं नाही. घरमालक, शेजारीण, कुणीही विचारलं, हे कोण तुमचे, की हा लालबुंद! दोघांनाही घराबाहेर काढलं असतं. म्हणून मी रोज चहाच्या वेळी उजळणी घ्यायचो—मी कोण? मावसभाऊ. कुठल्या मावशीचा? थोरल्या. चुकला की ओरडायचो. हो, मीच. एकदा तर रडवलंय त्याला. मी शिंपी आणि मास्तरची शिकवणी घेतोय, म्हणून नंतर हसायचोही खूप.

परवा मनाचा हिय्या केला आणि सिस्टरला सांगून टाकलं. सत्तरी उलटली, आता कुणाला भ्यायचं? म्हटलं, भाऊबिऊ काही नाही बाई, आमचा संसार आहे. चांगली हो पोरगी, तोंड वाकडं नाही केलं. म्हणाली, बाबा, मी वरच्या मॅडमशी बोलते, पण मास्तरांच्या तोंडून एकदा ऐकू दे. आली, विचारलं, हे कोण तुमचे? अहो, ज्याला सकाळी जेवलेलं आठवत नाही, तो ताठ बसला आणि म्हणाला, मावसभाऊ, थोरल्या मावशीचा. तिने माझ्याकडे असं पाहिलं—जाऊ दे. ती गेल्यावर मी दार लावलं. म्हटलं, अरे राजा, आपण दोघंच आहोत, आता तरी खरं सांग, मी कोण? तर घाबरला. माझा हात घट्ट धरला आणि हळूच विचारतो, मावसभाऊ—बरोबर ना? चुकलो का रे? म्हटलं, बरोबर. शाब्बास.

असे मागे का सरकलात? लांबी राहिलीय अजून... नको? बरं. जुन्या पँटवरून घेतो, ठेवून जा. शनिवारी या. नाही जमलं तर सोमवारी. हो हो, सोमवारीच—आता सोमवारीही उघडं असणार दुकान. या.