दोन इंच कमी

नाही, दोन इंच कमी धरून नाही शिवणार मी. लग्नाला दीड महिना आहे, तोवर उतरेल म्हणताय — उतरेलही — पण मी समोर उभ्या असलेल्या अंगाचं माप घेते, पुढच्या महिन्यात येणाऱ्या अंगाचं नाही. हात जरा वर. पोट आत ओढू नका, मला कळतं ते, तीस वर्षं हेच करतेय. सोडा. हां. आणि तो फोन ठेवा की बाजूला — काय नोंदवताय, मघाचा चहा? अर्ध्या कपाच्या कॅलरी?

उपयोग होतो का, म्हणजे? होतो की. खोटं कशाला बोलू. माझ्या धाकट्या बहिणीला आहारवालीनं सांगितलं होतं — महिनाभर लिहून काढ, कशात किती असतं ते कळू दे, मग वही ठेवून दे. शहाणी बाई होती. धाकटीनं लिहायला घेतलं, सफरचंद, उकडलेलं अंडं, अर्धा कप दूध, पुढे आकडा, खाली बेरीज. पंचविशीची पोर, गोबरी, हसरी, टेलिफोन कचेरीत कामाला. आईवडलांमागे मीच वाढवली तिला, इथंच, मागच्या खोलीत. तीन आठवडे झाले तरी फरक पडेना. वजनकाटा खोटारडा आहे म्हणून तो शेजारणीला देऊन टाकला आणि तो पिवळा ड्रेस घालून बघायला लागली — हो, तोच, खिळ्यावरचा, विकायचा नाहीये तो — तर चेन अर्ध्यातच अडायची. ताई, मी उपाशी मरतेय आणि काही होत नाही गं, म्हणून रडायची. मला बघवेना. मग शिंपीण दुसरं काय करणार — ती कामावर गेली की मी बाजूची शिवण उसवायची आणि एक सूत, इंचाचा आठवा भाग, बाहेरून परत घालायची. आत माया ठेवलेली असते ना, जास्तीचं कापड, त्यातलं. एवढंसंच. शनिवारी चेन सरकन वर गेली. काय चेहरा फुलला तिचा म्हणून सांगू. ताई, मोजण्याचा उपयोग होतो गं. मी म्हटलं, होतो तर. आणि मापाच्या वहीत तिची कंबर अर्धा इंच कमी लिहिली.

मग दर शनिवारी तेच. मला वाटलं, खूश झाली की लिहिणं सोडेल. कुठलं काय — एवढ्यानं एवढं उतरतं तर आणखी कमी खाऊन बघू, म्हणाली. दूध गेलं, अंडं गेलं, सफरचंदाची एक फोड राहिली, तीही मोजून. झाडताना मशीनखालून दोऱ्यांबरोबर तिचे केस निघायला लागले. मी बोलले का? बोलले ना, पुष्कळदा — नाही, थांबा. नाही बोलले. बोलायचं तर ड्रेसचं सांगावं लागलं असतं.

आणि एका शनिवारी, तुम्ही उभ्या आहात ना, तिथंच, ह्याच आरशासमोर — ड्रेस खांद्यावरून घसरत होता, आणि ती कमरेजवळचं कापड मुठीत धरून मला दाखवत होती. बघ ताई. त्या आठवड्यात मी ड्रेसला हात लावला नव्हता. आदल्या आठवड्यातही नाही. माया कधीच संपली होती, उसवायला काही उरलंच नव्हतं. मला कळलं, तिथल्या तिथं कळलं, आता अंगच झिजतंय. आणि मी म्हणाले, छान दिसतेस.

अकरा दिवसांनी कचेरीच्या जिन्यात पडली. डॉक्टर विचारत होते, किती दिवसांत किती बारीक झाली, तुम्ही तर मापं घेता ना तिची. मी वही घेऊनच पळत गेले होते. पानभर आकडे, माझ्याच अक्षरात, आणि त्यातला एकही खरा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. अजून शनिवारी मला चेन ओढल्याचा आवाज येतो, मी मान वर करत नाही.

तुझी दिवसाची बेरीज किती येते गं? — तू म्हणाले का मी, माफ करा. किती? एवढीच? आणि सगळे कपडे ढगळ होतायत, म्हणून खात्री आहे? घरी मशीन आहे का कुणाची? आई शिवते. बरं.

आज गेल्यावर एखादा ड्रेस उलटा करून बाजूची शिवण बघा. उसवलेल्या टाक्यांची भोकं राहतात, कितीही इस्त्री फिरवा, जात नाहीत. दिसली तर आईला रागावू नका, नीट जेवा तिच्याबरोबर. आणि नसलीच दिसली, तर धाकटीसारखं —

उतरा स्टुलावरून. कापड घेऊन जा तुमचं. आधी जाऊन शिवण बघा.