शनिवारचे महाराज

नको गं बाय, पिशवी वाटेत नको ठेवू, यांना उठायला लागतं. हे म्हणजे आमचे हे — हे काय, तुझ्या नि माझ्या मधी बसलेत ते. ऐकू दे की, ऐकून कुठं काय होतंय! मुंबईची ना तू? कळलंच — आल्यापासून फोटो काढतेस. काढ, काढ. छपराची लाकडं तेवढी जुनी हायत, खालचं सगळं नवं. टेबलं, लायटी, ते बियरचं काउंटर — तिथं तिकिटाची खिडकी होती. आम्ही चौलवाले एसटी भरून अलिबागला यायचो, इथं नाटकाला. आणि राजा कोण? हेच! दिवसभर वाडीत सुपारी सोलणारा माणूस, पण तिसरी घंटा झाली, पडदा वर गेला, की — काय सांगू तुला. लग्नाआधी मी यांना राजा म्हणूनच बघितलेलं. फसलेच म्हण ना.

आता? आता डोकं गेलंय. डॉक्टर बोलले, परत यायचं नाय. मला ओळखत नाय, लेकीला ओळखत नाय, ताट पुढं ठेवलं तर ताटाकडं बघत बसतात. घास भरवला तर तसाच तोंडात. मग एकदा मी पूजा करत होते, देवापुढची घंटा वाजवली — तर हे ताडकन उभे! मला बोलतात, "राणीसाहेब, दिवे लागले का?" नाटकातलं गं ते. मी पण बोलले, लागले महाराज, जेवायला चला. आणि जेवले, बोटं चाटून जेवले! तेव्हापासून तेच — घंटा तीनदा वाजवायची, मी राणी व्हायचं, मग जेवण. शेजारी हसायचे. हसू दे. जन्मभर मला "अगं ए" अशी हाक, म्हातारपणी राणीसाहेब तरी झाले. पण पुढं पुढं देवाची घंटा लागू पडेना. कितीही वाजवा, हे आपले ताटाकडं बघतात.

हा हितेश — इथला मॅनेजर, पोरगा चांगला हाय हां — तो आलेला वाडीवर, भिंतीला लावायला जुने फोटो मागत. त्याला मीच सांगितलं घंटेचं. मीच. तो बोलला, काकी, काकांना घेऊन या, इथली घंटा ऐकून बघू दे. आणलं, तर तिसऱ्या घंटेला उठले! स्टेजवर आता नाटकाच्या जागी विनोद सांगणारा पोरगा असतो, त्याचं तोंड तसंच उघडं, नि हे इथं उभं राहून दरबार भरवतायत. सगळं थिएटर हसतंय, शिट्ट्या मारतंय — धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. पण यांना काय, हसलं काय नि टाळी काय, एकच. वाकून मुजरा केला, घरी गेले, नि आपल्या हातानं जेवले. तेव्हापासून दर शनिवारी. तो पोरगा मुद्दाम घंटा वाजवतो, लोक त्याच्यासाठीच येतात — तू पण त्यासाठीच ना? नाय बोलू नको, मोबाईलवर बघितलं असशील. राग नाय गं. आधी यायचा, आता नाय येत. माझ्या नवऱ्याला हसतात तर हसू दे, पण जेवू दे. या आठवड्यात नुसत्या पेजेवर होते. परवापासून पेज पण नाय. डॉक्टर बोलले, नाकातून नळी घालूया. मी बोलले, शनिवार होऊ दे.

थांब, लायटी गेल्या. आला तो. पहिली झाली — बघ, बोट हललं. हललं ना? तू बघितलंस ना? दुसरी — पाय मागं घे बाय, अडखळतील. आता तिसरी —

अहो. तिसरी झाली. महाराज, दिवे लागलेत, उठा ना. ही बघा मी, राणीसाहेब. अहो —

गप्प का झाले सगळे? बाय, तू तरी हस ना. त्याशिवाय यांना कळायचं नाय, पडदा वर गेलाय ते. मोठ्यानं हस. हस गं.