चाप मीच ओढला

नाव माझं लक्ष्मण, गाव राजूरकडचं, बाप मेंढरं वळायचा, आजा बी तेच, मी बी मिसरूड फुटेस्तोवर तेच केलं. मंग चराईच राह्यली न्हाई, जिकडं बघावं तिकडं तारेची कुंपणं, बापानं कळप इकला आन् मी जालन्याला आलो. हमाली केली, ट्रकावर राह्यलो, मंग वॉचमन झालो. आता काय सांगू तुम्हाला, काठीवाल्या वॉचमनला कुत्रं विचारत न्हाई, बंदूकवाल्याला मान बी आन् पगार बी. म्हणून लायसनसाठी चकरा मारल्या, कचेरी, पोलीस ठाणं, परत कचेरी, चपला झिजल्या पण भेटलं. बारा बोअरची, पंपवाली, माझ्या नावावर.

शिकवायला एक रिटायर फौजी व्हते, आम्ही उस्ताद म्हणायचो. लई कडक माणूस. ते म्हणायचे, लक्ष्मण, बंदूक चालवणं कोणालाबी येतं, काडतूस बदलणं यायला पाहिजे. आता ह्या बंदुकीचं कसं हाय, पोटाखाली नळी असते, तिच्यात काडतुसं एकामागं एक बसतात, आन् एक वरती नालीत, जिथनं गोळी सुटती तिथं असतं, तयार. बारीक छर्रा भरल्ता आन् मोठ्या दाण्याचं पाहिजे, तर सगळी बंदूक खाली करीत बसायचं न्हाई. नळीत एका काडतुसाची जागा कायम रिकामी ठेवायची. नवं त्या जागेत खालून सारायचं, खटका दाबायचा, पुढची मूठ मागं ओढून पुढं ढकलायची, वरचं जुनं उडून खाली पडतं आन् आत्ता सारलेलं वर जातं. जे शेवटी सारलं ते आधी निघतं, बस. उस्तादांनी मला सरावासाठी दोन काडतुसं दिल्ती, आत दारू न्हाई, बुडाला जिथं ठोका बसतो त्या टिकलीच्या जागी रबर. बघायला बराबर खऱ्यासारखी, पण बोट लावलं की कळायचं. ती माझ्या पट्ट्याला कायम असायची, मी रोज सराव करायचो.

मंग ह्या लोखंडाच्या कारखान्यात लागलो, नाव न्हाई सांगत, समजून घ्या. त्या उन्हाळ्यात भट्टीवर एक पोरगा भाजला, दवाखान्यात गेला आन् वारला. आमच्याच गावचा, माझ्या चुलतभावाचा, गंगारामचा मेव्हणा. मीच चिकटवल्ता त्याला कामाला. दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडी भरून लोकं आले, मयत गेटसमोर ठेवली, म्हणले मालकाला बोलवा. मालक कुठला येतो, मॅनेजर साहेब तेवढे गेटवर आलते, ते माझ्याच केबिनीत घुसले आन् आतून कडी लावली. केबिन केवढी, दोन माणसं उभी राह्यली की भरली. एक दार, एक खिडकी. दारावर लोकं धडका देऊन राह्यले, दगडं पत्र्यावर पडून राह्यले, आन् खिडकीच्या गजाला धरून गंगाराम उभा. म्हणला, लक्ष्मण, दार उघड, आम्हाला साहेबाशी बोलायचंय. मी म्हणलं, थांब दादा, पोलीस येऊन राह्यले. साहेब मागून म्हणले, बंदुकीत काय हाय? मी म्हणलं, बारीक छर्रा. ते म्हणले, मोठं भर, जल्दी भर, आन् ह्या पुढच्यावर चालव.

मी म्हणलं, साहेब, माझा भाऊ हाय तो. त्यांनी बंदुकीला हात घातला, म्हणले, दे इकडं, मी चालवतो. माणूस घाबरून पांढरा पडल्ता, त्यानं चालवलीच असती.

मंग काय करणार? मी त्यांचा हात झटकला, पट्ट्यातलं काडतूस काढलं, बुडाला बोट लावून बघितलं, रबर लागलं. तेच सारलं, खटका दाबून मूठ ओढली, छर्र्याचं लाल काडतूस साहेबाच्या बुटावर पडलं, त्यांना वाटलं मोठं भरलं. गजातून नाली बाहेर काढली, गंगारामच्या छातीवर धरली आन् चाप ओढला. टक. तेवढंच. साहेब म्हणले, काय झालं, दुसरं घे. नळीतलं दुसरं खरं व्हतं ना, एकदा मूठ ओढली असती की छर्रा वर. मी म्हणलं, खटका अडकला साहेब, आता चालत न्हाई. आन् मूठ घट्ट धरून बसलो, पोलिसाची गाडी येईस्तोवर सोडली न्हाई.

गंगारामनं गज सोडले आन् माघारी फिरला.

पुढं त्या पोराच्या बायकोला भरपाई भेटली, कंपनीनं दिली. मी पंधरा दिवसांनी गंगारामच्या दारात गेलो, सरावाचं काडतूस हातावर ठेवून दावलं, बुडाचं रबर दावलं, सगळं सांगितलं. त्यानं उलटंपालटं करून बघितलं. म्हणला, मला काय म्हाईत त्यात काय व्हतं? मी तुझा डोळा बघत व्हतो. चाप तर तूच ओढला.

आन् हिकडं साहेब खूश. नवा आला की त्याला दावतात, म्हणतात ह्यो आपला माणूस, ह्यानं भावावर नेम धरल्ता. मी मान खाली घालतो. खरं सांगावं तर नोकरी जाती आन् लायसनचं बी काय होईल सांगता येत न्हाई, न सांगावं तर हे ऐकावं लागतं. बायको म्हणती, सोडा ही नोकरी. सोडून कुठं जाऊ? पन्नाशी झाली, पाठीवर पोतं उचलत न्हाई आता, मला बंदुकीबिगर कोण ठेवतं?

ह्या रविवारी गंगारामच्या पोरीचं लग्न हाय. पत्रिका आली, पण बायकोच्या एकटीच्या नावानं. तिला म्हणलं, तू जा, चांगली साडी नेस, माझं विचारलं तर ड्युटी हाय म्हण. त्या पोरीला मी खांद्यावर घेऊन फिरवलेलं हाय. चांगल्या घरी पडली म्हणतात. सुखी राहो लेकरू, नांदो बिचारी. मी इथून, गेटवरूनच, तिला हात जोडतो.