शनिवारचं तिकीट

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय पास्टर हौगेन, व्यासपीठावर बसलेले लुंडबी कॉलेजचे क्रीडा संचालक श्री. व्हिटलॉक, आजचे सत्कारमूर्ती कोच रँडल पोकोर्नी आणि सौ. जोनेल पोकोर्नी, चर्चच्या महिला मंडळातल्या माझ्या भगिनी, फुटबॉल मित्रमंडळाचे सभासद, आणि मागच्या टेबलांवर अजून जेवत असलेल्या बंधूंनो,

पास्टरांनी मला पाच मिनिटं दिली आहेत आणि कामं दोनच सांगितली आहेत, जेवणाचा हिशेब आणि आभार. दोन्ही मंडळांची खजिनदार मीच असल्यामुळे हिशेब कुणाला द्यायचा हा प्रश्न असतो, पण देते. हॅम तीन आले, ईस्टरनंतर अर्ध्या किमतीत घेऊन चर्चच्या फ्रीझरमध्ये ठेवलेले, एकूण एकेचाळीस डॉलर. कॉफी नऊ डॉलर. ओव्हनमध्ये भाजलेल्या खिमा-बटाट्याच्या हॉटडिशचे सात ट्रे घरोघरून आले, त्याचे पैसे नाहीत. जेलीचं सॅलड चार घरांतून आलं आणि चारही हिरवी निघाली, कारण कॉलेजचा रंग हिरवा आहे हे चौघींनाही एकाच वेळी सुचलं. केक अठ्ठावीस डॉलर. वर साखरेचा चेंडू बसवायचे बेकरीवाला पाच डॉलर वेगळे मागत होता, ते मी दिले नाहीत. म्हणून केकवर मैदान आहे, चेंडू नाही. गेल्या सहा वर्षांत चेंडू बहुतेक वेळ समोरच्या संघाकडेच असायचा, तेव्हा कुणाची हरकत नसावी.

हिशेब संपला. आभारांकडे वळण्याआधी मला एक गोष्ट निस्तरायची आहे. पास्टर, घड्याळाकडे पाहू नका. तुमचं रविवारचं प्रवचन किती चालतं हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे.

कोच आणि जोनेल उद्या सकाळी ट्रक घेऊन न्यू मेक्सिकोला निघताहेत. त्यांचं घर आणि आमचं घर शेजारी शेजारी. माझा नवरा ऑर्विन आणि कोच दोन वर्षं एकमेकांशी बोललेले नाहीत, हे आपल्या ऑस्टर प्रेअरी गावातल्या कुत्र्यांनाही माहीत आहे. त्याचं मला एवढं वाटत नाही. आपल्या गावात लग्न झालेली माणसंसुद्धा याहून जास्त दिवस न बोलता राहिली आहेत. पण कोच आमच्या घराबद्दल एक चुकीची समजूत मनात घेऊन निघाले आहेत, आणि ती मला या गुरुवारी कळली. ती ट्रकमध्ये घालून त्यांनी इतक्या लांब न्यावी हे मला बरं वाटत नाही. म्हणून बोलते.

आधी एक खरं सांगून टाकू. कोच पोकोर्नी चांगले कोच नव्हते. मी चर्चच्या तळघरात उभी आहे, डोक्यावर बरोबर वेदी आहे, तेव्हा दुसरं काही बोलता येत नाही. सहा हंगामांत आपण नऊ सामने जिंकलो, आणि त्यातला एक समोरच्यांची बस बर्फात अडकली म्हणून. कॅफेतल्या फळ्यावर सोमवारी सूपच्या नावाखाली निकाल लिहायची पद्धत होती, ती कॅफेवाल्यांनी बंद केली, कारण लोक सूप मागवेनात. मी जिंकण्यासाठी कधी प्रार्थना केलेली नाही, ते परमेश्वराचं काम नाही. पण घड्याळ लवकर संपावं म्हणून केली आहे, आणि एकदा नाही.

आता हेही खरं की कोचांच्या हाताखालचं एकही पोर वर्गात नापास झालं नाही. ज्याचे वडील वारले त्या पोराला त्यांनी स्वतःच्या गाडीतून डाकोटापर्यंत नेलं आणि सामन्याला स्वतः उशिरा आले. तो सामना आपण हरलो. पण ते वेळेवर आले असते तरी हरलो असतो, असं ऑर्विनचं मत आहे, आणि तेवढ्यापुरतं तो कोचांच्या बाजूने बोलला असं मी धरते.

तर भांडण कसं झालं? दोन वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर. समोर सेंट बोटॉल्फचा संघ, ज्यांना हरवलेलं बघायला आमच्या सासूबाई, गुडरुन ट्वेट, वय वर्षं एक्याण्णव, अजून जिवंत आहेत असं त्या स्वतः म्हणतात. शेवटची दोन मिनिटं. आपण चार गुणांनी मागे. चौथा, म्हणजे शेवटचा प्रयत्न, आणि चेंडू हातात घेऊन पुढे जायला हवं होतं फक्त एक यार्ड. एक यार्ड म्हणजे किती? या टेबलक्लॉथची रुंदीसुद्धा नाही. आणि कोचांनी काय केलं? चेंडू लाथेने उडवून समोरच्यांना देऊन टाकला. का? ते अजून कळलेलं नाही. ते आज बोलायला उभे राहतील तेव्हा सांगतीलही.

सगळं स्टेडियम गप्प झालं होतं. त्या शांततेत ऑर्विन उभा राहिला. तो स्वतः तरुणपणी लुंडबीसाठी खेळलेला, त्याच मैदानावर एक गुडघा ठेवून आलेला. तो म्हणाला, "अरे पोकोर्नी, एक यार्ड माझी आई गेली असती. आणि ती वॉकर घेऊन चालते."

सासूबाई शेजारीच होत्या. त्या म्हणाल्या, "दोन गेले असते."

हे कोचांना ऐकू गेलं. जोनेलला ऐकू गेलं. रेडिओवरही गेलं. त्या दिवसापासून दोघं बोलले नाहीत. दोघांनी मिळून बर्फ साफ करायचं यंत्र घेतलं होतं, अर्धे पैसे त्यांचे, अर्धे आमचे. तेसुद्धा न बोलता इकडून तिकडे जात राहिलं. ज्याने वापरलं त्याने टाकी भरून ते दोन घरांच्या मधल्या हद्दीवर ठेवायचं. दोन हिवाळ्यांत टाकी एकदाही रिकामी मिळाली नाही, ना त्यांना, ना आम्हांला. मला विचाराल तर हे बोलणंच होतं. पण पुरुषांना ते बोलणं वाटत नाही.

आता पाट्यांकडे येते. संघ हरला की शनिवारी कोचच्या अंगणात "घर विकणे आहे" अशी पाटी ठोकायची, ही पद्धत आपल्या गावाने काढलेली नाही. देशभर आहे. पण आपण ती फार मनावर घेतली. कोण ठोकायचं हे मी विचारत नाही. इथे बसलेल्यांपैकी काही जण आत्ता हॅमकडे फार लक्ष देऊन बघताहेत, तेवढं पुरे.

आणि रविवारी त्या पाट्या कोण काढायचं? रविवारी सकाळी चर्चला निघण्याआधी, पायजम्यावर कोट चढवून, ऑर्विन.

होय कोच. ऑर्विन.

पहिल्या रविवारी मी त्याला विचारलं, "काल तूच ओरडत होतास ना, याला घरी पाठवा म्हणून?"

तो म्हणाला, "ओरडत होतो. येत्या शनिवारीही ओरडेन."

"मग पाटी का काढलीस?"

तो खिळे उपटून कॉफीच्या डब्यात टाकत होता. म्हणाला, "मी तिकीट शनिवारचं काढलंय, लव्हर्न. रविवारचं नाही. आणि मैदानाचं काढलंय, त्याच्या अंगणाचं नाही."

मी त्याला टोपी घालायला लावली, कारण बाहेर थंडी होती, आणि लाकूड जपून ठेवायला सांगितलं. चांगलं पाइनचं लाकूड होतं. टोमॅटोला आधाराच्या काठ्या दुकानात किती महाग झाल्या आहेत तुम्हांला माहीत आहे. दोन उन्हाळे आम्ही एक काठी विकत घेतलेली नाही. त्याबद्दल ज्यांचे आभार मानायचे त्यांनी नाव कळवलं तर मानेन.

आणि इथेच घोटाळा झाला. जोनेलने कुंपणावरून आमचे टोमॅटो पाहिले. प्रत्येक रोप "घर विकणे आहे" ला बांधलेलं. ऑर्विनकडे गॅरेजमध्ये सुतारकामाचं यंत्र आहे हेही तिला माहीत. तिने घरात जाऊन सांगितलं असेल. तिच्या जागी मीसुद्धा तेच सांगितलं असतं. पाट्या बनतात कुठे, तर शेजारच्या गॅरेजमध्ये, आणि उरलेलं लाकूड टोमॅटोला.

पुढे गेल्या नोव्हेंबरात कॉलेजने कोचांना निरोप दिला. मुलांची शाळा संपेपर्यंत ते राहिले. एप्रिलमध्ये जमीन मऊ झाल्यावर त्यांनी खरोखरच घर विकायला काढलं, आणि घरांची दलाल मर्ना क्लाव्हन हिने येऊन अंगणात पाटी लावली. लोखंडी पायांची, मोठी, रंगीत, मर्नाच्या हसऱ्या फोटोसकट.

ऑर्विनने ती काढली.

मला म्हणाला, "आता हे लोक सामान चांगलं वापरायला लागलेत." मी म्हटलं, "हंगाम तर संपला, आता कशाला ठोकतात?" तो म्हणाला, "द्वेषाला हंगाम नसतो," आणि पाटी वाटाण्याच्या वेलाखाली रोवून आला. मर्नाने दुसरी लावली. तीही काढली. तिसऱ्या वेळी मला जरा शंका आली होती, पण लोखंड फार मजबूत होतं.

आणि घर काही विकलं जाईना. बघायला येणाऱ्यांना घरच सापडत नव्हतं.

मे महिन्यात मर्ना आमच्याकडे रुबार्बचे आंबट देठ न्यायला आली. मागच्या बागेत गेली आणि स्वतःसमोर उभी राहिली. तीन मर्ना, वाटाण्याच्या वेलांतून हसताहेत. म्हणाली, "ऑर्विन, माझा फोटो दिसला नाही का तुला?"

"दिसला," ऑर्विन म्हणाला.

"मग काय वाटलं?"

"मला वाटलं, नवीन कोच म्हणून लोकांनी तुझं नाव सुचवलंय. मी विचार केला त्यावर. माझी काही हरकत नव्हती."

मर्नाने पाट्या नेल्या. ती सभ्य बाई आहे, तिने कोचांना एवढंच सांगितलं की पाट्या शेजारच्या बागेत मिळाल्या. खरं तेच सांगितलं. पण ते ऐकून कोचांना काय वाटलं असेल? आधी हा माणूस दोन वर्षं मला जा म्हणतो, आणि जायला निघालो तर जाऊही देत नाही.

गुरुवारी जोनेल माझं केकचं भांडं परत द्यायला दारात आली. धुऊन, पुसून, त्यात लिंबाच्या वड्या घालून. म्हणाली, "लव्हर्न, माझ्या मनात आता राग नाही. पण ऑर्विनला सांग, पाट्या ठोकण्यापेक्षा त्याने रँडलला तोंडावर सांगितलं असतं तर बरं झालं असतं. रँडलला गावाचं काही वाटलं नाही. शेजाऱ्याचं वाटलं."

मी म्हटलं, "जोनेल, आत ये." तिला वेळ नव्हता, खोकी बांधायची होती. ती गेली, आणि मी भांडं हातात धरून तशीच ऑर्विनकडे गेले. म्हटलं, "आत्ता जा आणि सांग त्याला."

"काय सांगू? पाट्या मी काढत होतो म्हणून? असं कुणी जाऊन सांगतं का?"

"तो समजतोय की तूच ठोकत होतास."

ऑर्विन खिडकीतून त्यांच्या अंगणाकडे बघत होता. मग म्हणाला, "समजू दे. चौथ्या प्रयत्नाला लाथ मारावी असंही समजला होता तो."

पण त्या संध्याकाळी तो जेवला नाही, आणि हॉटडिश होती.

म्हणून मी बोलले. माझं शिक्षण बारावीपर्यंतच, मला भाषण लिहिता येत नाही. मी फक्त जमेच्या बाजूला जे होतं ते जमेला लिहिलं. ऑर्विन, तू छताकडे बघू नकोस, तिथे काही नाही. कोच, तुम्ही उठलात, पण बसा क्षणभर, माझं थोडंच राहिलंय. सासूबाई काहीतरी म्हणताहेत. त्या म्हणताहेत की हॅम खारट आहे. नोंद घेतली.

खुर्च्या आज मी मांडल्या आहेत. व्यासपीठाच्या टोकाशी कोचांची खुर्ची आणि पहिल्या टेबलाच्या टोकाला ऑर्विनची, यांच्यामध्ये अंतर एक यार्ड आहे. मोजायची गरज नाही, टेबलक्लॉथ घालून बघितला आहे, थोडा उरला. यापुढे मी काही सांगत नाही. मी कोच नाही.

आता आभार. पास्टर हौगेन यांनी तळघर दिलं, श्री. व्हिटलॉक यांनी कॉलेजच्या खुर्च्या दिल्या, ट्रे ज्यांचे आहेत त्यांनी नाव बघून न्यावेत. पोकोर्नींचं घर कुणी घेतलं हे विचारत होतात, तर कॉलेजच्या नवीन कोचांनी घेतलं आहे. ऑगस्टमध्ये येताहेत. ऑर्विनने यंदा टोमॅटोची बारा रोपं जास्त लावली आहेत. म्हणाला, हंगाम कसा जाईल सांगता येत नाही.

बोलण्यात कुणाचं नाव राहिलं असेल, किंवा जे झाकायचं ते उघडं पडलं असेल, तर माझ्या वयाकडे आणि शाळेकडे बघून सोडून द्यावं.

आणि कोच, एक शेवटचं. ते बर्फाचं यंत्र. अर्धं तुमचं आहे. न्यू मेक्सिकोत त्याचा काही उपयोग नाही हे मला कळतं, पण तुम्हांला न विचारता ते नवीन माणसाला वापरू द्यायला ऑर्विन तयार नाही. टाकी त्याने काल भरली आहे आणि ते हद्दीवर उभं आहे, जून महिना असूनही. त्याचं काय करायचं ते पोहोचल्यावर टपालाने कळवा. पत्र माझ्या नावाने टाकलंत तरी चालेल. पेटी उघडायला ऑर्विनच जातो.