मधलं कोण वाचतं

...आणि पैसे गेल्यावर सगळ्यात आधी कान कुणाचा धरला? माझा. का, तर एकदा मामीच्या फोनला डुकराच्या किंचाळण्याची रिंगटोन लावली होती, तेवढ्यावरून मी चोर? तुम्हाला सांगतो, आमचा बोंगशिक मामा कोरियात, बुसानच्या बाजारात माशाच्या वड्या विकतो, गिऱ्हाईकाचं ऐकत नाही तिथं माझं काय ऐकणार? पोरगी हेरिन कॅनडात शिकायला, तिची फी मामा क्रिप्टोत पाठवणार, बँकवाले फार कापतात म्हणे. आता क्रिप्टोचा पत्ता म्हणजे काय, मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखी ही लांबलचक अक्षरं... सुरुवातीची बघायची, शेवटची बघायची, मधलं कोण वाचतं? तुम्ही वाचता? खरं सांगा.

तर मामानं आधी चिमूटभर पैसे पाठवून बघितले. हेरिनचा फोन, "आले हो बाबा." झालं, तेवढ्यात मामाच्या फोनवर टिंग... कुठल्याशा चोरानं उलटे त्यालाच पाठवले, एक वॉनसुद्धा नाही, त्याहून कमी. आणि त्या चोराचा पत्ता? सुरुवात हेरिनचीच, शेवट हेरिनचाच. क्रिप्टोतले व्यवहार सगळ्या जगाला दिसतात, ते बघून मुद्दाम तसाच बनवलेला. मधलं कोण वाचतं?

मी म्हटलं, "मामा, हे फुकटचे कुठून आले?"

तर म्हणतो, "गप रे गाढवा. खातं खरं आहे का बघायला आपली बँक एक वॉन टाकते की नाही? तसंच हे. तपासून झालं."

म्हणजे चोरानं गळ टाकला आणि आमच्या मामाला वाटलं, शिक्का बसला. फोनमधल्या व्यवहारांच्या यादीतून त्याच ओळीतला पत्ता उचलला आणि अख्ख्या वर्षाची फी... गेली.

संध्याकाळी हेरिन विचारते, "बाबा, कधी पाठवताय?" रश्श्यातल्या वड्या फुगून फुटल्या तरी मामा ढवळतोच आहे. मामी म्हणते, "अहो, परत मागा ना." कुणाकडे मागायचे, मामी? पोलिसातला साहेब नाकावरचा चष्मा सावरत म्हणतो, "बटण तुम्हीच दाबलंत ना, काका? मग मधलं वाचलं नाहीत?" आता साहेब, तुम्हीच सांगा, मधलं कोण...

जाऊ दे. हेरिनचं नाव कटलं कॉलेजातून, तिकडेच कुणाच्या खानावळीत भांडी घासते. मामा मात्र शहाणा झालाय. जुन्या व्यवहारातला पत्ता उचलायचा नाही म्हणतो, ज्याचा त्याच्याकडूनच मागून घ्यायचा, अन् अख्खा वाचायचा. दुकान आवरताना मला समोर बसवतो, हेरिनचा पत्ता, एकेक अक्षरावर बोट ठेवून, मधलंसुद्धा. मी म्हणतो, "बरोबर आहे, मामा." मग तो फोन खिशात टाकतो आणि घरी जातो.

पाठवायला आहे काय?