मुलांच्या वॉर्डातली काच

– हो, आत्ता बाहेर गेली त्या मुलीवर आवाज चढला माझा, नाही कुठे म्हणतेय? पण सर, तुम्ही बाहेरचे परीक्षक, तुम्हाला नुसता नकाशा दिसतो. जुन्या इमारतींना नवं काम कसं द्यायचं, तेच शिकवते मी – गोदामाचं नाट्यगृह करा, गिरणीचं ग्रंथालय करा – आणि दरवर्षी परीक्षेच्या प्रकल्पाला हेच देते, साथीच्या रोगांचं बंद पडलेलं रुग्णालय. का म्हणजे? जवळ आहे, रिकामं आहे... चहा घ्या ना, गार होतोय.

त्या मुलीचं काम वाईट नाहीये हो. मुलांच्या वॉर्डात पाळणाघर – सुरेखच की! फक्त तिने मधली काच काढली. मी म्हटलं, राहू दे. तर म्हणते, "मॅडम, आई दिसली की मूल धावत सुटायला नको?" बरोबरच आहे तिचं. पण त्या काचेला नाक लावून आम्ही रोज उभ्या असायचो – आई आणि मी. आत टिल्लू, माझा धाकटा भाऊ. घटसर्प झालेला. मला बघून जीभ काढायचा, हसायचा – आवाज नाही यायचा, नुसती काच धुरकट व्हायची. मग एक दिवस खाट रिकामी. गादीची वळकटी केलेली. नर्स मला म्हणाली, "दुसऱ्या खोलीत हलवलंय त्याला." आई तिथेच मटकन बसली, आणि मी – मी निघाले की खोली शोधायला! लहान होते, मला काय कळणार? ओढत घरी नेलं. पुढे घरात कुणी त्याचं नावच काढलं नाही. मग विचारायचं कुणाला?

म्हणून मोजायला लावते. प्रत्येक बॅचला, प्रत्येक भिंत. वेडेपणा आहे, कळतं हो मला, आर्किटेक्ट आहे मी! पण मुलं टेप घेऊन आत पांगली की जीव थाऱ्यावर राहत नाही – वाटतं, आत्ता कुणीतरी हाक मारेल, मॅडम, इकडे अजून एक दार आहे.

आज तिला विचारलं, दुसरी खोली का नाही दाखवलीस? सहज म्हणाली, "मॅडम, या वॉर्डाला दुसरी खोली कधी नव्हतीच. मी पायासुद्धा तपासला." सगळ्यांसमोर. म्हणून ओरडले. एवढंच झालं.

चांगले मार्क द्या तिला. जिन्यात रडत बसली असेल, तिला सांगा की मॅडमना – नको, काही सांगू नका. काय बघताय असं? जा ना. आणि पुढच्या मुलाला इतक्यात आत पाठवू नका.